काचेवरची चादर

"दादा, ही काच झाकता येईल का?"

आषाढातली संध्याकाळ होती. पोरगा आला तोच नखशिखांत भिजून. अंगात डिलिव्हरीचं जाकीट. पाठीवरची चौकोनी पिशवी त्याने माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दाराशी भिंतीला टेकवली, बूट बाहेर काढले आणि ओले मोजे हातात घेऊन तसाच उभा राहिला, ते ठेवायचे कुठे हे कळेना म्हणून. वय एकवीस-बावीस असेल. मोबाइल हातात निथळत होता, पण जाकिटाच्या आतून त्याने काढलेली शंभर पानी वही मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली, वरून रबर लावलेलं. मोबाइलचं काय व्हायचं ते होवो, वही कोरडी राहिली पाहिजे. तासाचे पैसे त्याने आधीच काढून दिले, पन्नासाच्या आणि शंभराच्या नोटांत. "रॅप आहे," म्हणाला, "बीट माझाच आहे." बीट म्हणजे शब्दांमागचं संगीत. गाण्याचं नाव काय लिहू, विचारलं तर "जिनं" म्हणाला. मी कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, "जिना? पायऱ्यांचा?" तो थांबला. मग 'ण'वर नीट जोर देऊन म्हणाला, "जि-णं. जगणं, या अर्थी." मी तसं टाइप केलं. तो बूथमध्ये गेला, वही स्टँडवर ठेवली, हेडफोन चढवला, आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघत त्याने काचेचं विचारलं.

मी टॉकबॅकचं बटण दाबून म्हटलं, का रे? तर म्हणाला, "समोर माणूस दिसला की माझा आवाज बदलतो."

मी रागावलो नाही, हसलोही नाही. पण जे बोललो ते आता आठवलं की जीव कसानुसा होतो. "अरे, उद्या स्टेजवर पाचशे माणसं समोर बसतील, त्यांच्यावर कुठली चादर टाकशील? लाजायचं नाही. चल, कर सुरू." तो "बरं" म्हणाला. दोन टेक झाले. दोन्ही टेक त्याने ओरडून केले. मीटर सारखं लाल होत होतं, मी लेव्हल खाली घेत राहिलो, त्याच्या गळ्याच्या शिरा मला काचेतून दिसत होत्या. तासातली वीस मिनिटं शिल्लक असतानाच त्याने हेडफोन काढला. "झालं दादा." रात्री मी रफ मिक्स पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. त्याने ते गाणं कुठे टाकलंही नाही, मी दोन-तीनदा शोधून पाहिलं.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. समोर माणूस दिसला की माझा आवाज बदलतो. माझ्या धंद्यातलं यापेक्षा खरं वाक्य मी ऐकलेलं नाही, आणि ते मला सांगावं लागलं एका भिजलेल्या पोराने. बावीस वर्षं मी या काचेच्या अलीकडे बसतोय. गणपतीची गाणी, भजनी मंडळांच्या सीड्या, निवडणुकीच्या रिक्षांवर वाजणारा प्रचार, लग्नातली मंगलाष्टकं, सगळं या तळघरातल्या बूथमधून गेलंय. रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की लाल दिवा लागला की माणूस दुसराच होतो. भजनी मंडळातल्या एक काकू आठवतात. दिवा लागला की त्यांचा आवाज आकाशवाणीवरच्या कुठल्यातरी गायिकेचा व्हायचा, आणि चहाचा कप हातात घेऊन भिंतीला टेकून गुणगुणल्या की असा काही सूर लागायचा की तबलेवाला चहा प्यायचा थांबायचा. म्हणून आम्ही लोक एक खोटं बोलतो. "ही नुसती रिहर्सल हां काकू," असं म्हणायचं आणि टेक घेऊन टाकायचा. माझी तर सवयच आहे, माणूस आत गेला की रेकॉर्ड चालू, तो बाहेर आला की बंद. मधलं खोकणं, पाणी पिणं, पान उलटणं, सगळं साठतं. इतकं सगळं माहीत असलेला माणूस त्या पोराला "लाजायचं नाही" म्हणाला.

आणि मुखवटा घालून गाणाऱ्या माणसाला तर मी गेली वीस वर्षं ऐकतोय.

2006 साली एक तबलजी मित्र अमेरिकेच्या दौऱ्यावरून परत येताना एक सीडी घेऊन आला. मी तेव्हा नवे मॉनिटर स्पीकर घेतले होते, ते तपासायला काहीतरी वेगळं हवं होतं. कव्हरवर राखाडी फोटो, धातूचा मुखवटा घातलेला एक माणूस, कोपऱ्यात नारिंगी रंगाचा इवलासा चौकोन. 'मॅडव्हिलनी', 2004चा रॅप अल्बम. बीट करणारा मॅडलिब, आणि शब्दांचा धनी एमएफ डूम. त्याला आपलं नाव कॅपिटल अक्षरांतच लिहिलेलं लागायचं. आपल्या लिपीत ती सोय नाही, म्हणून मी नुसतं डूम लिहितो. माझं इंग्रजी मशिनची पुस्तकं वाचण्यापुरतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना अर्थ रुपयातला एक आणासुद्धा लागला नसेल. पण यमकं लागत होती. ओळीच्या शेवटी येणारं यमक तर होतंच, पण ओळीच्या पोटात दोन, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक, आणि मग तीन ओळींनी तोच स्वर पुन्हा कुठूनतरी डोकं वर काढणार. शाळेत वामनपंडितांना 'यमक्या वामन' म्हणतात हे पाठ केलं होतं, त्यामागची गंमत मला त्या रात्री कळली. यमक एकदा जुळवून मोकळं होणं वेगळं, आणि एकच नाद धरून त्याच्या अंगावर अर्थाचे कपडे बदलत राहणं वेगळं. अक्षरांशी खेळायची त्याला हौसच होती. त्याच वर्षी त्याचा दुसरा एक अल्बम आला, खाण्यापिण्यावरचा, 'एमएम फूड'. इंग्रजीत त्या नावातली अक्षरं हलवली की त्याचंच नाव तयार होतं.

त्याहीपेक्षा मला धरून ठेवलं त्या आवाजाने. जाडसर, थोडा घोगरा, कुठेही न चढणारा. मध्यरात्री ओट्यावर बसून शेजाऱ्याला काहीतरी सांगावं तसा. श्वास ऐकू येतात, ओठ उघडल्याचा ओला आवाज ऐकू येतो. बावीस गाणी, सगळी मिळून पाऊण तासाच्या आसपास, आणि बहुतेक गाण्यांना ध्रुवपदच नाही. बोलायचं ते बोलून झालं की गाणं संपतं. त्या रात्री तो आवाज सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद करून नुसता तोच, ऐकता आला असता तर मी काय दिलं असतं, असं वाटत बसलो होतो.

त्या आवाजामागची गोष्ट पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. खरं नाव डॅनियल डूमिले. जन्म 1971चा, लंडनचा, आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला गेलं. त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून के.एम.डी. नावाचा गट काढला, भाऊ 'सबरॉक' आणि हा 'झेव्ह लव्ह एक्स'. 1991मध्ये एका मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम निघाला. तेव्हाचं त्याचं काम ऐकलं तर विश्वास बसत नाही. आवाज वर, पातळ, चपळ, शाळेच्या गॅदरिंगमधल्या हुशार पोरासारखा. चेहरा उघडा, हसरा. दुसऱ्या अल्बमचं काम संपत आलं असताना, एप्रिल 1993मध्ये, भाऊ महामार्ग ओलांडताना गाडीखाली सापडून गेला. विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा. अल्बम थोरल्याने एकट्याने पुरा केला. आणि मग त्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून वाद झाला. काळ्या माणसाची टिंगल करायला गोऱ्यांनी जे जुनं व्यंगचित्र वापरलं होतं त्यालाच फासावर चढवलेलं दाखवणारं ते चित्र होतं. ते टिंगलीला फाशी देत होते, लोकांनी उलटंच वाचलं. कंपनीने 1994मध्ये अल्बम दाबला आणि त्याला सोडून दिलं. वर्षभरात भाऊ गेला, काम गेलं, आणि भावासोबत केलेलं शेवटचं गाणंही लोकांपर्यंत गेलं नाही.

पुढची तीन-चार वर्षं तो कुठे दिसलाच नाही. मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून फिरत होतो, बाकांवर झोपत होतो, असं त्यानेच पुढे सांगितलं. मला या वर्षांबद्दल फार कुतूहल आहे. कारण पुढे जे काही झालं ते इथे झालं, आणि इथलं काहीच ध्वनिमुद्रित नाही. कलावंताच्या वाढीबद्दल बोलताना आपण एका कामानंतरचं दुसरं काम मोजतो. पण एखादा आवाज पातळाचा जाड होतो, वरचा खाली येतो, ते ज्या दिवसांत घडतं त्या दिवसांचा टेक कोणाकडेच नसतो.

साधारण 1997-98च्या सुमाराला तो मॅनहॅटनमधल्या न्युयोरिकन पोएट्स कॅफेत उभा राहिला. तिथे कोणीही उठून दोन ओळी म्हणाव्यात असा प्रघात. याने तोंडावर बायकांचा पायमोजा ओढून घेतला होता, आपल्याकडच्या सिनेमात दरोडेखोर घालायचे तसा. पायमोज्याची जागा पुढे धातूच्या मुखवट्याने घेतली. कॉमिकमधल्या एका खलनायकावरून नाव आणि रूप घेतलं होतं, त्यात डूमिले हे आडनाव आयतंच बसलं. 'ऑपरेशन डूम्सडे' 1999मध्ये निघाला तो बॉबिटो गार्सिया या रेडिओवाल्याच्या छोट्याशा लेबलवरून. मोठ्या कंपनीच्या दारात पुन्हा उभं राहणं नाही, बीट स्वतः करायचे, शब्द स्वतःचे, पुढे त्याने नुसत्या बीट्सचे खंडच्या खंड काढले. मुखवट्याबद्दल तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, की लोकांनी दिसणं सोडून ऐकावं. मी बराच काळ हे त्याचं म्हणणं ऐकणाऱ्यांच्या बाजूने घेत होतो. चेहरा काढून घेतला की श्रोत्याला शब्दांकडे जावंच लागतं, असं. मुखवट्याच्या आत उभं असलेल्या माणसाचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि खरं तर मला तो सगळ्यांत आधी यायला हवा होता.

कारण माझं आजोळ मोखाड्याकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो आणि तेव्हाच गावोगावचे बोहाडे व्हायचे. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, रात्रभर एकामागून एक सोंगं निघतात, संबळ आणि पिपाणी, टेंभ्यांचा धूर, धुळीत नाचणारे देव आणि राक्षस. माझ्या थोरल्या मामाकडे त्राटिकेचं सोंग होतं. मामा म्हणजे गावातला सगळ्यांत गप्प माणूस. तलाठी आला की दाराआड उभा राहणारा, बाजारात भाव न करता पैसे देणारा. मुखवटा वर्षभर कणगीमागे गोणपाटात असायचा. मी एकदा हळूच तोंडाला लावून पाहिला होता. आत कागदाच्या लगद्याचा, डिंकाचा आणि जुन्या घामाचा वास, बाहेरचं दिसायला फक्त नाकपुड्यांची दोन भोकं. तेवढ्या दोन भोकांतून बघत मामा टेंभ्यांच्या उजेडात असा सुटायचा की म्हाताऱ्या बायका पोरांना पोटाशी घ्यायच्या. आणि ओरडायचा. पोटातून, गावच्या बोलीत, काय मनाला येईल ते. पहाटे मुखवटा उतरवला की चेहऱ्यावर दोरीचे वळ, आणि पुन्हा तोच गप्प मामा, "पानी दे रं पोरा" म्हणणारा. मी पाणी आणून द्यायचो.

मी नाशिकला शिकायला आलो तेव्हा मीही 'पानी'च म्हणायचो. पाचवीत वर्गात एकदा उभा राहून वाचताना 'पानी' म्हणालो, सगळा वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर 'ण' काढला आणि जीभ कुठे लावायची ते दाखवलं, दहादा म्हणवून घेतलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. महिन्याभरात माझा 'ण' पक्का झाला. सुट्टीत आजोळी गेलो तेव्हा मामाशी बोलताना तो तसाच लागला, आणि मामा माझ्याकडे बघून किंचित हसला. त्या हसण्यात कौतुक होतं, पण त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलू लागला. तलाठ्याशी बोलल्यासारखा नाही अगदी, पण त्या दिशेने.

डूमकडे परत येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आमच्या धंद्यातली आहे. 'मॅडव्हिलनी'चं काम चालू असताना दोघे लॉस एंजेलिसमध्ये एकाच घरात राबत होते. मॅडलिब खाली, त्या घराला जुनं बॉम्बपासून बचावाचं तळघर होतं तिथे. डूम वर उघड्यावर बसून लिहिणार. बोलणं फारसं नाहीच, खालून बीट वर यायचे, वरून शब्द खाली जायचे. मॅडलिब मध्येच ब्राझीलला गेला आणि साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत, हातात मावेल असं सॅम्पलर (गाण्यांचे तुकडे कापून वाजवायचं मशिन), एक रेकॉर्ड प्लेयर आणि एक टेपडेक एवढ्यावर त्याने आणखी बीट केले. जुन्या रेकॉर्डी धुंडाळायचं त्याला वेडच. पुढे 2007मध्ये त्याने आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे तुकडे घेऊन एक अख्खा अल्बम केला, तो ऐकताना ओळखीची व्हायोलिनं भलत्याच वाटेने अंगावर येतात आणि मला दर वेळी लहानपणचा रेडिओ आठवतो. तर, अल्बम पुरा व्हायच्या आत, बाजारात यायच्या वर्षभराहून अधिक आधी, कच्चं ध्वनिमुद्रण फुटलं आणि इंटरनेटवर पसरलं. दोघांचंही मन उडालं. दोघेही दुसऱ्या कामांकडे वळले. 2003मध्ये डूमने मॅडलिबशिवाय दोन अल्बम काढले, तेही दोन वेगळ्या नावांनी, एकात तीन तोंडांचा सिनेमातला राक्षस होऊन. मग कधीतरी ते परत आले, आणि डूमने बरंचसं पुन्हा म्हटलं. शब्द जवळपास तेच, पण आवाज खाली आणून, संथ, दमल्यासारखा.

फुटलेलं आणि छापलेलं अशी दोन्ही ध्वनिमुद्रणं मी एकामागोमाग ऐकली आहेत. पहिल्यातला डूम चांगलाच आहे. तो श्रोत्याला जिंकायला निघालाय, शब्द ढकलतोय, ओळीच्या शेवटी वर चढतोय. कुठल्याही रेकॉर्डिस्टने "ओके, मस्त" म्हणून घरी पाठवलं असतं. दुसऱ्यात तो कोणाला जिंकायच्या भानगडीत नाही. आणि तिथे, आवाज खाली आल्यावर, पोटातली यमकं ऐकू येतात, जी पहिल्यात उत्साहाखाली दबली होती. वरून म्हटलं की सगळ्या अक्षरांवर सारखाच ताण येतो. खालून म्हटलं की प्रत्येक स्वराला आपापली जागा मिळते. मला विचाराल तर त्या माणसाची सगळी वाढ या दोन टेकमध्ये आहे. लोक त्याचं शब्दभांडार मोजतात, खलनायकाची सोंगं मोजतात. मी हे दोन टेक ऐकवीन. आणि हे मुखवटा घातल्यानंतरचं आहे हे विसरायचं नाही. चेहरा झाकूनसुद्धा पाच-सहा वर्षं लागली त्याला ओरडणं सोडायला.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. 2007पासून त्याने काही कार्यक्रमांना स्वतः न जाता दुसऱ्याच कोणालातरी मुखवटा घालून पाठवलं. सॅन फ्रान्सिस्कोत लोकांनी हुर्यो उडवली. मी पात्र लिहितो, कोणाला उभं करायचं ते मी ठरवणार, असं त्याचं म्हणणं. मी या गोष्टीशी पुष्कळ झगडलो. महिनाभर पैसे साठवून तिकीट काढलेला कोणी त्या गर्दीत असणारच, आणि त्याला ओठ हलवणारा माणूस दाखवायचा, हे मला आजही चूक वाटतं. मामाला एकदा ताप होता, तेव्हा त्राटिकेचं सोंग त्याच्या चुलतभावाने नाचवलं. अख्ख्या गावाला दुसऱ्या पावलाला कळलं. कोणी बोललं नाही, पण कोणी पोरं पोटाशीही घेतली नाहीत. मुखवटा तोच होता.

पुढे नशिबानेही त्याच्यावर सूड घेतल्यासारखं केलं. अमेरिकेचं नागरिकत्व त्याने कधी घेतलेलंच नव्हतं. 2010मध्ये युरोपचा दौरा करून परतताना त्याला आत घेतलं नाही. बायको-मुलं तिकडे, हा इकडे, जिथे जन्मला पण जिथलं काहीच आठवत नव्हतं त्या इंग्लंडमध्ये. तिथेच राहिला, तिथेच काम केलं. 2017मध्ये चौदा वर्षांचा मुलगा गेला. आणि 31 ऑक्टोबर 2020ला, अमेरिकेत मुखवट्यांचा सण असतो त्या दिवशी, लीड्समध्ये तो गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी. रक्तदाबाच्या औषधाची उलटी प्रतिक्रिया आली होती. बायकोने जगाला सांगितलं दोन महिन्यांनी, 31 डिसेंबरला. मला नीट आठवतं, इथे रात्री अकरानंतर संचारबंदी होती, लॉकडाउनपासून स्टुडिओ जवळपास बंदच होता, आणि मी नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी मशिनांना बुरशी लागू नये म्हणून नुसताच एसी लावून बसलो होतो. बातमी वाचली. दोन महिने तो नव्हता आणि कोणाला पत्ता नव्हता, हे वाचून मी बूथचा दिवा लावला आणि बराच वेळ काचेतून आत बघत बसलो. रिकामा स्टँड, लटकणारा हेडफोन.

परवाच्या 31 ऑक्टोबरला नेहमीप्रमाणे तो अल्बम लावला. आधी फुटलेला, मग छापलेला. पहिला संपून दुसरा सुरू झाला, आवाज खाली आला, आणि मला त्या पोराचे दोन टेक आठवले. लाल होणारं मीटर आठवलं. आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे दोनच टेक आहेत असं मी समजतोय.

फाइल उघडली. 'जिणं', आषाढातली तारीख. पहिल्या टेकच्या आधी साडेतीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं. सुरुवातीला वहीची पिशवी सोडल्याचा चुरचुर आवाज, रबर सुटल्याचा टक्. काच झाकता येईल का, माझं उत्तर, त्याचं "बरं". मग त्याच्या मोबाइलमधला बीट माझ्या मशिनवर येईना, म्हणून मी खुर्ची फिरवून मागच्या रॅकमधली वायर बदलत होतो. तो सगळा वेळ माझी पाठ त्याच्याकडे होती. तेवढ्यात तो वहीतून वाचायला लागला. स्वतःशीच, माइकला जवळजवळ ओठ लावून. बीट नव्हता, पण बोटाने स्टँडवर ताल धरलेला ऐकू येतो.

ओळी त्याच्या आहेत, त्या इथे लिहिणार नाही. गोष्ट एवढीच की एका सोसायटीत डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद आहे आणि तो सात मजले चढतोय. दर मजल्याला एक दार, एक वास, दाराआडून येणारं एक वाक्य. आणि पायऱ्यांचा 'जिना' आणि जगण्याचं 'जिनं' हे दोन शब्द दर मजल्यावर एकमेकांची जागा घेत जातात. सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत कळेनासं होतं की तो कुठल्याबद्दल बोलतोय. त्याच्या बोलीत 'ण' नाहीच, म्हणून ते दोन शब्द एका श्वासात एकमेकांना खेटून बसतात, आणि बाकीची सगळी यमकं, विना, मिनं, शिनं, त्या 'न'वर येऊन टेकतात.

मग दोन टेक पुन्हा ऐकले. दोन्हीत त्याने प्रत्येक वेळी 'जिणं' म्हटलंय. शुद्ध, जीभ मागे नेऊन, माझ्याकडे बघत. 'ण' आला की यमक तुटतं, आणि तुटलेलं यमक झाकायला त्याने आवाज चढवलाय. सातही मजले.

मी त्या साडेतीन मिनिटांतून त्याचं वाचन वेगळं काढलं, एक मिनिट चाळीस सेकंद. एसीची घरघर जेवढी निघाली तेवढी काढली, श्वास ठेवले. त्याच्या बीटवर बसवून पाहिलं, दोन ठिकाणी किंचित सरकवावं लागलं, बाकी त्याने बोटाने धरलेला ताल बीटच्या तालाशी तंतोतंत होता. फाइलला नाव देताना 'जिनं' लिहिलं. बोलून लिहायची सोय आहे माझ्या मोबाइलवर, ती वापरून निरोप पाठवायला गेलो तर मोबाइलने ते 'जिन्ह' असं काहीतरी केलं. मग हाताने टाइप केलं, आणि काच झाकतो म्हणून कळवलं.

रात्री पावणेदोनला उत्तर आलं. "दादा हे कधी घेतलं"

"माझी पाठ होती तेव्हा," मी लिहिलं.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग आलं, "दिवाळीत ऑर्डरी लय होत्या. रविवारी येऊ का. अजून चार हायेत वहीत."

काल काचेच्या चौकटीवर दोन खिळे ठोकले आणि घरून आणलेली सोलापुरी चादर टाकून पाहिली. तशीही अशा चादरी आम्ही भिंतींना लावतोच, आवाज घुमू नये म्हणून. माझ्या खुर्चीतून आता बूथ दिसत नाही. चादरीवरचे दोन मोर दिसतात, आणि खालच्या काठाशी आतल्या दिव्याची एक बारीक रेघ.